चांदीपुराचा विषाणू आणि जन्माचा सिद्धान्त

नागपूरकडच्या चांदीपुरा या वस्तीचे नाव विषाणुशास्त्राच्या जगभरच्या ग्रंथांत छापलेले आहे. त्यासाठी त्या वस्तीने काही केले नव्हते. १९६५ साली नागपूर भागात डेंग्यू आणि चिकुनगुन्या यांची साथ आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची माणसे तापाच्या रोग्यांचे रक्त तपासत होती. त्यांपैकी दोघांच्या रक्तात डेंग्यूचा नाही, चिकुनगुन्याचाही नाही, असा तिसराच विषाणू निघाला. पी. एन. भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज यांनी १९६७ साली त्याची नोंद प्रसिद्ध केली आणि जिथले रोगी तिथले नाव त्याला दिले. रोगी कोण, काय करीत होते, हे शास्त्राला ठाऊक असण्याचे कारण नाही. उरले ते वस्तीचे नाव.

कर्नाटकातले क्यासनूर, आफ्रिकेतली इबोला नदी, मलेशियातले निपा, ही सारी नावे अशीच रोगांना चिकटली. पुढे २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले, की नव्या रोगांना गावांची, माणसांची, समूहांची नावे देऊ नयेत. त्याने त्या लोकांना बट्टा लागतो. हे कळायला जगाला एवढी वर्षे लागली याचे मला नवल वाटत नाही. पत्त्यातला वस्तीचा शब्द ऐकताच समोरच्याचा चेहरा कसा बदलतो, हे आपल्या माणसांना कुठल्याही संघटनेने सांगावे लागत नाही. महाराष्ट्रातल्या वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो डिसेंबर २०२० मध्ये.

परंतु हा लेख नावाविषयी नाही. या विषाणूच्या आत काय चालते, त्याची जनुके केव्हा बोलतात आणि केव्हा गप्प बसतात, याविषयी तो आहे. साहित्याच्या आणि समाजचिंतनाच्या नियतकालिकात हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण सांगतो.

मी रांजणगाव भागात एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवतो. पुणे-नगर रस्त्यावरचे हे गाव. एका बाजूला अष्टविनायकातला महागणपती, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत. माझे निम्मे विद्यार्थी रात्रपाळीला कंत्राटी कामगार असतात आणि सकाळी वर्गात डोळे चोळत बसतात. शनिवारी संध्याकाळी आम्ही काही जण अभ्यासवर्ग घेतो. तिथे दोन विधाने वारंवार येतात. पहिले असे, की माणसाचे गुण रक्तात, म्हणजे जनुकात असतात. मग जात ही शेवटी जनुकांचीच गोष्ट नाही काय? दुसरे २०२० च्या टाळेबंदीनंतर जोर धरून आले : सोवळे-ओवळे हे आपल्या पूर्वजांचे विज्ञानच होते, करोनाने ते सिद्ध केले. ही विधाने विरोधकच करतात असे नाही. आपलीच पदवीधर पोरे ती दबक्या आवाजात, उत्तर मिळेल या आशेने करतात. आपण त्यांना इतिहास सांगतो, संविधान सांगतो. ते योग्यच आहे. पण विज्ञानाचे नाव घेऊन प्रश्न आला, तर उत्तरही एकदा प्रयोगशाळेतून द्यायला हवे.

प्रथम विषाणू म्हणजे काय ते पाहू. त्याला तोंड नाही, पोट नाही, तो श्वास घेत नाही. प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळलेला एक हुकूमनामा, एवढेच त्याचे स्वरूप. हा हुकूमनामा डीएनए किंवा आरएनए नावाच्या लांब रेणूवर लिहिलेला असतो आणि त्यातले एकेक कलम म्हणजे एकेक जनुक. पेशीबाहेर तो निव्वळ कण असतो. पेशीत शिरला, की तिचीच भांडीकुंडी, तिचेच सरपण वापरून तो आपली प्रजा वाढवतो.

आता दुसरी गोष्ट, जनुकांचे नियमन. आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जीवाणू राहतात. दुधातली साखर पचवण्यासाठी लागणारी विकरे बनवणारी जनुके त्यांच्यापाशी जन्मापासून असतात. पण दुधातली साखर समोर नसेल तर ती जनुके गप्प असतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जेकब आणि जाक मोनो यांनी १९६१ साली याचा उलगडा केला. त्या जनुकांच्या दाराशी एक प्रथिन बसलेले असते, ते दार अडवून धरते. साखर आली, की तिच्यापासून बनलेला एक रेणू त्या राखणदाराला चिकटतो, राखणदाराची पकड सुटते, दार उघडते. साखर संपली, की तो पुन्हा दारात. जनुक तेच, ते बोलेल की नाही हे परिस्थिती ठरवते.

या शोधाचे दुसरे पाऊल विषाणूंतूनच आले. जीवाणूंना खाणारे विषाणू असतात. त्यांतला लॅम्डा नावाचा विषाणू जीवाणूत शिरून कधी कधी काहीच करीत नाही. आपला डीएनए जीवाणूच्या डीएनएत सांधतो आणि पिढ्यान् पिढ्या मुकाट राहतो. जीवाणूवर अतिनील किरण पडले, की तो जागा होतो, शेकडो पिले घालतो आणि जीवाणू फुटून मरतो. आंद्रे ल्वोफ यांनी असले जागे होणे दाखवले होते. जेकबच्या ध्यानात आले, की दुधाच्या साखरेची जनुके आणि झोपलेला विषाणू यांची गोष्ट एकच आहे. दोन्हीकडे दार अडवणारे प्रथिन आहे. तिघांना १९६५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी नागपूरकडे आपला विषाणू सापडत होता. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण वर्ष लक्षात ठेवायला सोपे जाते.

इथे एक आडकथा सांगतो. हॅन्किन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९६ साली लिहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात. ते जंतू जीवाणूभक्षक विषाणूंमुळे मरत असावेत, असा तर्क पुढे झाला. या एका नोंदीवर गंगाजलाच्या पावित्र्याचे केवढे इमले उभारले गेले आहेत! पण हे विषाणू जिथे जीवाणू असतील तिथे असतात. म्हणून आजही संशोधकाला ते हवे असले, की तो बाटली घेऊन सांडपाण्याच्या नाल्यावर जातो. शहराच्या गटारात ते विपुल मिळतात. पावित्र्याचे हे माप मान्य केले, तर गटारात उतरणारा कामगार कोणत्या तीर्थात उतरतो, याचेही उत्तर द्यावे लागेल.

आता चांदीपुरा. त्याचा हुकूमनामा आरएनएचा, एकच धागा, सुमारे अकरा हजार अक्षरांचा. त्यात मुख्य जनुके पाच. माणसापाशी प्रथिने बनवणारी जनुके वीस हजारांच्या आसपास असतात. हा पाचांत भागवतो. शिवाय त्याची लिपी उलटी आहे. ग्रामपंचायतीचा रबरी शिक्का हातात घेऊन पाहा. त्यावरची अक्षरे उलटी असतात, कागदावर उमटली की सुलटी होतात. तसा या विषाणूचा आरएनए शिक्क्यासारखा आहे; त्याचा ठसा उमटल्याशिवाय पेशीला त्यातले अक्षरही वाचता येत नाही. आरएनएवरून असला लांब आरएनए छापण्याचे यंत्र आपल्या पेशीपाशी नाही. म्हणून हा छापखाना विषाणू बरोबर घेऊन येतो. ‘एल’ नावाचे मोठे प्रथिन हे छपाईचे यंत्र आणि ‘पी’ नावाचे प्रथिन त्याचा मदतनीस. तिसरे ‘एन’, ते आरएनएच्या धाग्यावर कणसाच्या दाण्यांसारखे दाटीने बसून त्याला झाकते. उरलेली दोन, ‘एम’ आणि ‘जी’, विषाणूची बांधणी आणि बाहेरचे काटे यांसाठी.

जनुकांचा क्रम असा : एन, पी, एम, जी, एल. या क्रमातच नियमनाचे अर्धे रहस्य आहे. छपाईचे यंत्र धाग्यावर एकाच टोकाने चढते. पहिले जनुक छापले, की दोन जनुकांच्या मधल्या फटीत थबकते. काही यंत्रे तिथेच गळून पडतात. उरलेली पुढे जातात. चांदीपुराच्या चुलतभावात, म्हणजे गुराढोरांच्या तोंडात फोड आणणाऱ्या विषाणूत, याचे मोजमाप झालेले आहे. पहिल्या तीन फटींत दर वेळी सुमारे तीस टक्के गळती होते. पहिल्या जनुकाच्या शंभर प्रती निघाल्या, तर दुसऱ्याच्या सत्तर, तिसऱ्याच्या एकोणपन्नास, चौथ्याच्या चौतीस. आणि शेवटच्याच्या फारच थोड्या.

मला हे समजावताना पंगतीची उपमा सुचते. माझे आजोबा सांगत, गावच्या लग्नात आपली पंगत शेवटची, उकिरड्याच्या अंगाला. तिथे येईतो वरण पाण्यासारखे झालेले असे. विषाणूची पंगतही अशीच एका टोकाने वाढली जाते. फरक एवढाच, की तिथे शेवटी बसलेला हीन नसतो. शेवटचे ‘एल’ हे तर सगळ्यात कळीचे प्रथिन. ते थोडे पुरते म्हणून थोडे बनते. आणि एन शेकड्याने लागते म्हणून ते पहिले. वाढप्याच्या मनात इथे पापपुण्य नाही.

१९९८ साली अमेरिकेत अलाबामा विद्यापीठात गेल वर्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चुलतभावावर एक साधा पण फार बोलका प्रयोग केला. त्यांनी एन या जनुकातले एकही अक्षर बदलले नाही. फक्त त्याची जागा बदलली. पहिल्या पाटावरून उठवून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पाटावर बसवले. एन जितके खाली सरकले तितके ते कमी बनू लागले, विषाणूची वाढ मंदावली आणि उंदरांना मारण्याची त्याची शक्ती उतरत गेली. जनुके तीच, मजकूर तोच. केवळ बसण्याची जागा बदलली आणि मारक विषाणू दुबळा झाला. वर्गात हा प्रयोग सांगितला, की मागच्या बाकावरचीसुद्धा मान वर करतात.

क्रमाने अर्धे रहस्य उलगडते. उरलेले अर्धे कलकत्त्यात उलगडले. विषाणूपुढे पेशीत शिरल्यावर एक पेच असतो. त्याला दोन कामे करायची असतात. एक, जनुकांचे सुटे सुटे ठसे काढून प्रथिने बनवणे. दोन, अख्ख्या हुकूमनाम्याची सलग नक्कल काढणे, म्हणजे पुढच्या पिढीला वारसा मिळेल. यंत्र तेच. मग ते केव्हा सुटे ठसे काढायचे आणि केव्हा सलग नक्कल, हे कोण ठरवतो? कलकत्ता विद्यापीठातील ध्रुवज्योति चट्टोपाध्याय आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे चांदीपुराच्या याच प्रश्नामागे लागले होते. त्यांचे लक्ष ‘पी’ या मदतनिसावर होते. १९९७ च्या निबंधात त्यांनी दाखवले, की पी प्रथिनाच्या एका ठरावीक जागी फॉस्फेटचा एक कण चिकटला, तरच ते सुटे ठसे काढायला मदत करते. २००३ च्या निबंधात पुढचे पाऊल आले. फॉस्फेट नसलेले पी वेगळेच वागते. ते धाग्याच्या सुरुवातीच्या, ‘लीडर’ म्हणवल्या जाणाऱ्या तुकड्याच्या ठशाला जाऊन चिकटते. आणि बहुधा त्यामुळेच यंत्र मधल्या फटींत न थांबता सलग पुढे जाते. एका कणाच्या असण्या-नसण्यावर विषाणू आपला धंदा बदलतो.

आणि तो कण चिकटवतो कोण? विषाणूचे स्वतःचे विकर नव्हे. आपल्या पेशीत आधीपासून असलेले, ‘केसीन कायनेज दोन’ नावाचे विकर. म्हणजे विषाणूच्या घराची कळ आपल्या घरात आहे. पाच जनुकांचा हा प्राणी. यापेक्षा गरीब वारसा क्वचितच कोणाचा असेल. तरीही त्याचे वागणे त्याच्या जनुकांची यादी वाचून सांगता येत नाही. जनुक कोणत्या जागी आहे, भोवती किती एन साचले आहे, यजमान पेशी कोणता कण चिकटवते, हे सारे पाहावे लागते.

असे काम आपल्या जिल्ह्यातही झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संजीव गलांडे यांच्या गटाने २००५ साली एचआयव्हीविषयी एक गोष्ट दाखवली. आपल्या रक्तातल्या टी-पेशींत ‘सॅट-बी-वन’ नावाचे प्रथिन काही जनुकांना दाबून धरते. त्यासाठी ते एका दुसऱ्या प्रथिनाची जोड घेते. एचआयव्हीचे ‘टॅट’ हे प्रथिन त्या जोडीदाराला हुसकून लावते आणि आपली दाबलेली जनुके बोलू लागतात. इथे विषाणू आपल्या घरातल्या कळी फिरवतो. दोन्ही उदाहरणांत जनुक हे जन्मपत्रिकेसारखे नाही.

तर मग पहिल्या विधानाकडे येऊ. मी सावध राहून लिहितो, कारण विषाणूवरून समाजाचा सिद्धान्त काढणे ही तीच लबाडी होईल, जी वर्णव्यवस्थेचे वकील दीडशे वर्षे करीत आले. चांदीपुराच्या पाच जनुकांवरून माणसाच्या बुद्धीविषयी काहीही सिद्ध होत नाही. पण एक गोष्ट मात्र नक्की ढासळते. ‘जनुकात आहे म्हणजे ठरलेलेच आहे’ हा जो पाया गृहीत धरला जातो, तो पाच जनुकांच्या विषाणूबाबतही खरा नाही. मग वीस हजार जनुकांच्या, भूक, शाळा, भाषा, अपमान, प्रेम यांतून घडणाऱ्या माणसाबाबत तो बोलणाऱ्याने आधी सिद्ध करून दाखवावा. पुराव्याची जबाबदारी आपल्यावर नाही, त्याच्यावर आहे.

दुसरे असे, की जात ही जनुकांची जात नाही, हे बाबासाहेबांनी जनुकशास्त्र आजच्या रूपात नसतानाच तपासून पाहिले होते. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात त्यांनी जातीचे मूळ जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या बंधनात दाखवले, रक्तात नव्हे. १९३६ साली, जातिभेद वंश शुद्ध ठेवण्यासाठी आहे हा बचाव त्यांनी हाती घेऊन फेटाळला. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी नाकाच्या मापांचे तक्ते मांडले आणि दाखवले, की त्या मापांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे ठरत नाहीत. ती मापे आज शास्त्र म्हणून टिकत नाहीत. पण ज्या हत्याराने विरोधक लढत होता तेच हत्यार त्याच्यावर उलटवण्याची ती रीत टिकते. २०१३ साली हैदराबादची पेशी व रेणू जीवविज्ञान संस्था आणि हार्वर्ड यांच्या संशोधकांनी भारतभरच्या समूहांचे डीएनए तपासून सांगितले, की सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीपर्यंत इथले समूह मोठ्या प्रमाणावर एकमेकांत मिसळत होते. ही सरमिसळ जवळजवळ सर्वांत आढळते. नंतर ती थांबत गेली. लग्नाच्या बंधनाविषयीचे १९१६ चे म्हणणे आणि हा निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आता सोवळ्याचे विज्ञान. टाळेबंदीच्या काळात एका शिक्षित गृहस्थाने मला ऐकवले, ‘सर, शेवटी आमचे पूर्वजच बरोबर ठरले ना?’ संसर्ग टाळण्यासाठी रोग्याला वेगळे ठेवतात ते तो रोगी आहे म्हणून, रोगाचे दिवस संपेपर्यंत. त्यानंतर तो घरात परत येतो. अस्पृश्यतेत निरोगी माणूस जन्मापासून मरेपर्यंत वेगळा, आणि त्याचे मूलही वेगळे. संसर्गाच्या भीतीत मेलेले ढोर सर्वांना सारखेच धोक्याचे असते. इथे ते उचलण्याचे काम एकाच वस्तीकडे लावून दिलेले होते, म्हणजे धोका वाटून दिला नव्हता, लादला होता. आणि महाडला १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांनी प्याल्यावर सनातन्यांनी ते ‘शुद्ध’ केले ते शेण आणि गोमूत्र ओतून. पिण्याच्या पाण्यात जंतू कसे सोडावेत याचे याहून चोख उदाहरण मी विद्यार्थ्यांना देऊ शकत नाही.

विषाणूला जात कळत नाही, हे वाक्य मात्र आपणही फार बेफिकिरीने उच्चारतो. कणाला कळत नाही हे खरे. पण तो कुठल्या दारातून आत येतो हे पाहिले, तर चित्र निराळे दिसते. चांदीपुराचा विषाणू माणसापर्यंत आणते वाळूमाशी. डासापेक्षा लहान, दोन-तीन मिलिमीटरची, धड उडताही न येणारी. ती टुणटुण उड्या मारीत जाते. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठा, शेणाचा ओलावा, काळोखे कोपरे ही तिची घरे. औरंगाबाद जिल्ह्यात पकडलेल्या वाळूमाश्यांत हा विषाणू सापडल्याचे १९७० सालीच प्रसिद्ध झाले होते. मध्य प्रदेशातल्या मेंदूच्या आजाराच्या रुग्णाच्या रक्तात तो मिळाल्याचे १९८३ साली छापून आले. तरी बराच काळ तो किरकोळ तापाचा विषाणू म्हणून कपाटात राहिला.

मग २००३ चा पावसाळा आला. जून ते ऑगस्ट या काळात आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली, त्यांतली १८३ दगावली. विदर्भातही मुले गेली. सकाळी ताप, मग ओकाऱ्या, झटके, बेशुद्धी आणि बहुतेकांचा एक-दोन दिवसांत शेवट. हा मेंदूज्वर नव्हे, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा झटका आहे, असेही काही डॉक्टरांनी मांडले. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने (जुन्या केंद्राचे १९७८ पासूनचे हे नाव) मुलांच्या नमुन्यांत चांदीपुरा दाखवला. २००४ साली गुजरातच्या पूर्वेकडच्या आदिवासी जिल्ह्यांत साथ आली, तिथे दर चार रोग्यांत तिनाहून अधिक मेले. २००७ साली पुन्हा नागपूर विभाग. २०२४ च्या जून ते मध्य ऑगस्टपर्यंत देशात, मुख्यतः गुजरातेत, मेंदूज्वराचे २४५ रोगी आणि ८२ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा निश्चित झाला. रोगी जवळपास सगळे पंधरा वर्षांखालचे.

या रोगावर औषध नाही आणि मान्यता मिळालेली लसही नाही. कलकत्त्याला सापडलेली फॉस्फेटची कळ औषधासाठी उपयोगी पडू शकेल, पण ती कळ आपल्या पेशीच्या विकराच्या हाती असल्यामुळे विषाणूला रोखताना पेशीलाही धक्का बसण्याची भीती आहे. निदानाच्या बाजूने मात्र या रेणूविज्ञानाने प्रत्यक्ष काम केले आहे. मूल इतक्या लवकर जाते, की रक्तात प्रतिद्रव्ये तयार व्हायलाही अवधी मिळत नाही. मग त्यांच्यावर आधारलेली चाचणी ‘काही नाही’ म्हणते. विषाणूच्या आरएनएचा शोध घेणारी चाचणी, करोनामुळे सर्वांच्या तोंडी झालेली ती आरटी-पीसीआर, पहिल्याच दिवशी उत्तर देऊ शकते. फक्त नमुना वेळेवर आणि थंड पेटीतून पोहोचला पाहिजे.

मी ज्या घरात वाढलो त्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या होत्या. दर सणाला आई त्यांना पोतेरे देई आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या पुन्हा भेगाळत. भिंतीतली ती भेग म्हणजे रोगविज्ञानातली एक संज्ञा आहे, हे मला पदव्युत्तर वर्गात कळले. विदर्भात आणि आदिवासी भागात काम करणाऱ्या मित्रांनी म्हणून काही गोष्टी आतापासून पाहाव्यात. पाऊस सुरू होण्याआधी, म्हणजे मे महिन्यातच, वस्तीतल्या घरांच्या आणि गोठ्यांच्या भेगा बुजल्या आहेत काय? फवारणी झाली ती फक्त चावडीभोवती झाली की शेवटच्या घरापर्यंत? घरकुलाच्या यादीत ज्यांची नावे आहेत त्यांच्या भिंती प्रत्यक्षात उभ्या राहिल्या काय? लहान मुलाला ताप आणि झटके एकत्र आले, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना कुठे, कोणत्या गाडीने आणि किती तासांत जातो, हे तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला साथीच्या आधी विचारून, लिहून घेऊन ठेवावे. मुलांना पुऱ्या बाह्यांचे कपडे आणि बारीक जाळीची मच्छरदाणी द्यावी. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून वाळूमाशी आत येते.